पडतें पाऊल

मराठी भाषेनें पायावर जेवढा अन्याय केला आहे तेवढा दुसऱ्या कोणत्याहि अवयवावर केला नसेल. भाग्य उघडलें तर तें कपाळाचें, पराक्रम केला तर तो मनगटाचा, दान हाताचें आणि दया हृदयाची. पायाच्या वांट्याला मात्र घसरणें, वांकडें पडणें, दुसऱ्याचा ओढला जाणें आणि फार तर कोणाच्या घरीं धूळ झाडणें एवढींच कामें आलीं. नव्या सुनेच्या पायगुणाची चौकशी होते, पण तीहि बहुधा घरांत कांहीं बिघडल्यावर. जन्मभर शरीराचें ओझें वाहणाऱ्या या गड्याची आठवण त्यानें काम टाकल्याखेरीज आपणांस होत नाहीं.

आमच्या दादांच्या डाव्या पावलानें दोन वर्षांपूर्वीं असेंच काम टाकलें. दादा माझे वडील बंधु. माझ्यापेक्षां अकरा वर्षांनीं मोठे. छत्तीस वर्षें त्यांनीं नाशकांत मुलांना गणित शिकवलें आणि नोकरी संपल्यावर आपली सारी शिस्त चालण्यांत ओतली. रोज पहांटे जुन्या गांवांतील आमच्या वाड्यांतून निघावयाचें, होळकर पुलावरून पंचवटींत जावयाचें, रामकुंडावर हातपाय धुऊन काळारामाचें दर्शन घ्यावयाचें आणि दूधवाल्याच्या आधीं घरीं परत यावयाचें, हा त्यांचा नेम. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं त्र्यंबकेश्वरीं ब्रह्मगिरीची फेरी असते. तीहि त्यांनीं वर्षानुवर्षें चुकवली नव्हती. अशा माणसाला एका सकाळीं अर्धांगवायूचा झटका आला. उपचार वेळेवर झाले. वाचा शाबूत राहिली. दोन महिन्यांत डावा हात चहाचा पेला धरूं लागला, आणि चार महिन्यांत मांडी व गुडघा हेहि कामावर रुजू झाले. पाऊल मात्र आलें नाहीं. पाय उचलला कीं पुढचा पंजा वाळक्या पानासारखा खालीं लोंबे. डॉक्टर याला 'फूट ड्रॉप' म्हणतात.

चालतांना पुढें जाणाऱ्या पायाची बोटें जमिनीपासून किती उंचीवरून जातात, याचा विचार आपण कधीं केलेला नसतो. मोजणाऱ्यांनीं तें मोजलें आहे: अवघें एक ते दोन सेंटिमीटर! म्हणजे धडधाकट माणूसहि प्रत्येक पावलाला ठेंच लागण्यापासून बोटभर अंतरानें वांचत असतो. हें अंतर राखण्याचें काम मुख्यतः नडगीच्या पुढच्या अंगास असलेल्या एका स्नायूकडे आहे. तो पाऊल घोट्यांतून वर उचलून धरतो, आणि टांच टेकल्यावर तें आदळूं न देतां हळूच खालीं ठेवतो. त्यानें काम सोडलें कीं तें बोटभर अंतर नाहींसें होतें, आणि जुन्या वाड्यांतला प्रत्येक उंबरठा डोंगर होऊन बसतो. आमच्या वाड्यांत असे नऊ उंबरठे आहेत. ही गणती दादांनीं आजारांत केली. त्यापूर्वीं जन्मभर त्याच घरांत राहून, आणि गणिताचे शिक्षक असूनहि, ती करण्याचें त्यांना कारण पडलें नव्हतें.

पडूं नये म्हणून शरीर आपली युक्ति काढतें. दादा कंबर वर उचलून पाय बाहेरच्या बाजूनें, विळा फिरवावा तसा, फिरवूं लागले. त्यानें पाय पुढें जाई. पण चार घरें ओलांडतांना अंगाला घाम फुटे. मात्र श्रमाहूनहि मोठी अशी एक गोष्ट त्यांच्याकडून हिरावली गेली होती, आणि ती प्रथम वहिनींच्या ध्यानांत आली. दादा वर बघेनासे झाले होते. घरांतून बाहेर पडल्यापासून परत येईपर्यंत त्यांची दृष्टि डाव्या पायाच्या अंगठ्यावर खिळलेली असे. कोणीं बोललें तर उत्तर देण्यासाठीं त्यांना थांबावें लागे. आणि थांबल्यावर पुन्हा निघणें हें एक संकटच असे, म्हणून ते उत्तरच देत ना. त्यांचा एक जुना विद्यार्थी मला सराफ बाजारांत भेटला तेव्हां म्हणाला, "सर हल्लीं ओळख देत नाहींत. कांहीं रागावले आहेत का?" ज्या माणसाला अर्धें नाशिक ओळखीचें, तो आपल्याच गांवांतून परक्यासारखा, खालमानेनें जाऊं लागला होता. पुढें पुढें तर त्यांनीं बाहेर पडणेंच सोडलें.

डॉक्टरांनीं आम्हांला समजावून सांगितलें तें असें. पाऊल उचलण्याचा हुकूम मेंदूंतून निघतो, पाठीच्या कण्यांतून उतरतो आणि मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत येतो. तेथें पेरोनियल नांवाचा मज्जातंतु गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून पुढच्या स्नायूकडे जातो. दादांचा हा तंतु ठणठणीत होता, स्नायूहि जिवंत होता. बिघाड होता तो हुकूम निघण्याच्या जागीं, मेंदूंत. आपल्या देशांतली सरकारी तारसेवा २०१३ सालीं बंद झाली; तरी आमच्या वयाच्या माणसांना तारखात्याचीच उपमा लवकर पटते. खांब उभे आहेत, तारा शाबूत आहेत, पलीकडचा शिपाई निरोपाची वाट पाहत बसला आहे. जळलें आहे तें फक्त मुख्य कचेरींतलें यंत्र. अशा वेळीं वाटेंतल्याच एखाद्या खांबावर चढून कोणीं तारेंत संदेश सोडला तर?

ही कल्पना तशी जुनी आहे. मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श झाला कीं तो झटका देतो, हें इटलींतील गॅल्व्हानी यानें १७९१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १८५५ सालीं फ्रान्समधील ड्यूशेन यानें जिवंत माणसाचे एकेक स्नायु त्वचेवरून वीज देऊन कसे हलवितां येतात यावर ग्रंथ लिहिला. परंतु स्नायु हलविणें निराळें आणि माणसाला चालविणें निराळें. पाऊल उचलावयाचें तें नेमकें पाय हवेंत असतांना. क्षणभर आधीं नाहीं आणि क्षणभर नंतरहि नाहीं. ही वेळ साधण्याची युक्ति अमेरिकेंतील लिबरसन व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं मांडली. त्यांनीं रोग्याच्या जोड्यांत टांचेखालीं एक कळ बसवली. टांच उचलली कीं कळ सुटते, गुडघ्याखालीं तंतूवर लावलेल्या पट्टींतून वीज वाहूं लागते आणि पाऊल वर येतें; टांच टेकली कीं वीज बंद. इंग्लंडांतील सॉल्झबरी येथील रुग्णालयांत याच तत्त्वावरचें यंत्र पुढें सुधारत गेलें. मेंदूच्या वा मज्जारज्जूच्या बिघाडानें ज्यांचें पाऊल पडतें अशा रोग्यांसाठीं हा उपचार वापरण्यास हरकत नाहीं, असें तेथील सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेनें २००९ सालीं जाहीर केलें. आज हें यंत्र म्हणजे पत्त्यांच्या जोडाएवढी एक डबी, दोन चिकट पट्ट्या आणि टांचेखालची कळ, एवढेंच असतें. सेकंदाला सुमारें ४० या वेगानें तें विजेचे बारीक ठोके देतें.

दादांवर उपचार करणारी फिजिओथेरपीची मुलगी वयानें लहान, पण कामांत मोठी दक्ष. आमच्या नाशकांत १९९८ पासून असलेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ती पदवीधर. "काका, मुंग्या आल्यासारखें वाटेल, घाबरूं नका," असें म्हणत तिनें गुडघ्याखालीं एक पट्टी आणि नडगीवर दुसरी चिकटवली आणि हळूहळू वीज वाढवली. पहिल्यांदा अंगठा थरथरला. मग आठ महिने मेल्यासारखें पडून राहिलेलें तें पाऊल सावकाश, जणु स्वतःच्या मनानें, वर आलें! वहिनींनीं पदर डोळ्यांना लावला. दादा त्या पावलाकडे, वर्गांतल्या सर्वांत मठ्ठ मुलानें एकाएकीं अवघड प्रश्न सोडवावा तशा मुद्रेनें, पाहत राहिले आणि म्हणाले, "उत्तर बरोबर आहे. पण रीत माझी नव्हे."

"परीक्षेंत उत्तराचेहि गुण असतात, काका," ती म्हणाली.

या यंत्राची स्तुति करून येथेंच थांबतां आलें असतें. पण त्याच दवाखान्याच्या बांकावर मीं आणखी दोन पडतीं पावलें पाहिलीं, आणि त्यांच्याविषयीं न लिहिणें योग्य होणार नाहीं.

एक गृहस्थ पेठ तालुक्यांतून आले होते. त्यांचा कुष्ठरोग औषधांनीं केव्हांच बरा झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं १९८१ सालीं अनेक औषधें एकत्र देण्याची पद्धति सुचविल्यापासून हा रोग हमखास बरा होऊं लागला. पण रोग गेला तरी त्यानें मारलेले तंतु परत येत नाहींत. या रोगाच्या जंतूंना शरीराचा थंड भाग मानवतो, म्हणून त्वचेच्या लगत असलेले तंतु त्यांच्या तावडींत आधीं सांपडतात. आणि गुडघ्याजवळचा तो पेरोनियल तंतु तर अगदीं त्वचेखालींच. दादांचें पाऊल उठलेलें पाहून त्या गृहस्थांनीं आपल्यालाहि पट्टी लावून पाहण्याची विनंति केली. मुलीनें ती लावली, वीज वाढवली. पाऊल हाललें नाहीं. तिनें पट्टी थोडी सरकवली, आणखी वाढवली. कांहीं नाहीं. "राहूं द्या बाई," ते शांतपणें म्हणाले. "तो पाय झोपलेला नाहीं, तो गेला."

त्यांच्या बाबतींत तारच नाहींशी झाली होती, आणि तुटलेल्या तारेंत कोठूनहि संदेश सोडला तरी तो पोंचत नाहीं. अशा रोग्यांसाठीं वाट निराळी आहे. पोटरीच्या आंतल्या बाजूस एक स्नायु असतो; त्याचा तंतु दुसरा असल्यामुळें तो बहुधा वांचतो. त्याची दोरी तळव्याकडून सोडवून पावलाच्या वरच्या अंगाला आणून जोडावयाची, म्हणजे तोच पाऊल उचलूं लागतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनीं आणि महाराष्ट्रांत डॉ. नोशिर अंतिया यांनीं कुष्ठरोग्यांचे हात, पाय व चेहरे शस्त्रक्रियेनें सुधारण्याच्या कामीं आयुष्य वेंचलें. अमरावतीचें तपोवन आणि वरोऱ्याचें आनंदवन या संस्थांनीं त्याच लोकांना माणसांत आणलें. शस्त्रक्रियेनंतर रोग्याला आठवडेच्या आठवडे नवा धडा गिरवावा लागतो, कारण जो स्नायु जन्मभर पाऊल खालीं व आंत ओढीत आला, त्याच्याकडून आतां तें वर उचलून घ्यावयाचें असतें. तेथें रीत बदलावी लागते ती खुद्द मेंदूला. त्या गृहस्थांना मुलीनें पंजा वर ओढून धरणारा रबरी पट्टा दिला, पायाला संवेदना नसल्यामुळें मऊ रबराची चप्पल दिली, आणि शस्त्रक्रियेसाठीं पत्र लिहून दिलें. ते काठी टेकत एसटी स्थानकाकडे निघून गेले.

दुसरी होती निफाडकडची एक तरुण बाई. कांद्याच्या हंगामांत दिवस दिवस उकिडवें बसून काम केल्यानें तिचा तोच तंतु गुडघ्याजवळ चेपला गेला होता. उकिडवें बसून शेतांत राबणाऱ्यांचा हा विकार जगांतील इतर देशांतहि ठाऊक आहे. तिचा तंतु मेलेला नव्हता, नुसता दबला होता. आणि असा तंतु दाब टळला तर बहुधा कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत आपोआप सुधारतो. तिला यंत्राची गरज नव्हती. गरज होती ती न बसण्याची. "उकिडवें मुळींच बसूं नका," असें सांगतांच ती म्हणाली, "मग कांद्याची पात उभ्यानें कापूं का, ताई?" या प्रश्नाला ताईंच्या पुस्तकांत उत्तर नसावें.

एकच तंतु, एकच जागा. तेथें तो हाडाला चिकटून, त्वचेच्या अगदीं लगत येतो, म्हणून बसण्यानें चेपतो, घट्ट प्लास्टरनें दुखावतो, रोगाच्या जंतूंना बळी पडतो; आणि तेथें तो इतका वरवर आहे म्हणूनच बाहेरून लावलेल्या पट्टीची वीज त्याच्यापर्यंत पोंचते. शरीराच्या याच दुबळ्या ठिकाणीं मदतीलाहि दार मिळालें आहे.

पण दार असलें तरी आंत जाण्यास पैसे पडतात. परदेशी यंत्राची किंमत लाखांच्या घरांत जाते. टांचेमागून पोटरीपर्यंत जाणारी प्लॅस्टिकची पट्टी कांहीं हजारांत मिळते, आणि तीहि पंजाला खालीं पडूं देत नाहीं. माझ्या मुलानें दादांना २०१३ सालीं प्रसिद्ध झालेली एका अमेरिकन पाहणीची हकीकत वाचून दाखवली. पक्षघाताच्या १९७ रोग्यांपैकीं कांहींना यंत्र व कांहींना पट्टी देऊन ३० आठवड्यांनीं चालण्याचा वेग मोजला, तों दोन्ही गटांचा वेग वाढलेला आणि त्यांत म्हणण्यासारखा फरक नाहीं. मात्र यंत्र वापरणारे आपल्या साधनावर अधिक खूष. दादांनीं चष्मा काढला आणि म्हणाले, "दोन्ही बाजू समान आल्या. मग लाखांची संख्या कोणत्या बाजूला लिहावयाची?" छपरासाठीं ठेवलेले पैसे मोडावे लागणार होते, हें त्यांना ठाऊक होतें.

वहिनी सहसा अशा वादांत पडत नाहींत. त्या दिवशीं त्या स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुमचें गणित बरोबर असेल. पण त्या प्लॅस्टिकच्या पट्टीनें महिनाभर चाललां, तरी नजर खालींच. यंत्र लावून दवाखान्याच्या ओसरींत फिरलां, तेव्हां माझ्याशीं बोलत होतां. छपर आणखी एक पावसाळा गळेल." एवढें बोलून त्या आंत गेल्या. छपर खरोखरच त्या पावसाळ्यांत गळलें.

यंत्र घरीं आलें आणि त्याच्याबरोबर नवे कायदेहि आले. हें साधन अशा मुलखांत जन्मलें कीं, जेथें माणसें दिवसभर जोडे घालून वावरतात. आपल्याकडे देवळांत जोडे नाहींत, घरांत नाहींत, आणि कळ तर जोड्यांत! गुडघ्याखालच्या पट्ट्यांतच पायाचा कल ओळखणारी योजना असलेलीं कांहीं यंत्रें आहेत, त्यांना जोडा लागत नाहीं. पण दादांचें यंत्र टांचेच्या कळीचें. अखेर वहिनींनीं आपल्या हयातींत प्रथमच घरांत पादत्राणाला परवानगी दिली. देवघराच्या उंबरठ्याअलीकडे मात्र. मांडी घालून जेवावयास बसणें बंद झालें, कारण त्यानेंहि तो तंतु दबतो. काळारामाच्या दाराशीं जोडे निघाले कीं दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून, जुन्याच विळ्याच्या चालीनें आंत जातात. पट्टीची जागाहि मोठी चोखंदळ. बोटभर सरकली तर पाऊल वर येण्याऐवजीं बाहेर वळतें. म्हणून रोज सकाळीं देवपूजा झाली कीं वहिनी चष्मा लावून दादांच्या नडगीवरच्या आदल्या दिवशींच्या पुसट खुणा बॉलपेनानें पुन्हा गिरवतात. टांच उचलली रे उचलली कीं बसणाऱ्या त्या झिणझिणीला दादा 'हेडमास्तरांची छडी' म्हणतात.

ब्रह्मगिरीची फेरी मात्र सुटली ती सुटलीच. डोंगरवाट, चिखल, वाहते ओहोळ, आणि पाण्याशीं यंत्राचें हाडवैर. "यंत्राला पाऊस चालत नाहीं आणि श्रावणाला पावसावांचून चालत नाहीं," असें म्हणून दादांनीं यंदां तिसऱ्या सोमवारीं वाड्याच्या दिंडी दरवाजांत उभें राहून त्र्यंबकच्या दिशेला हात जोडले. त्यांना वाईट वाटलें नसेल असें मी म्हणणार नाहीं. यंत्र काढून ठेवलें कीं रात्रीं पाऊल पुन्हा पूर्वीसारखें पडतें. यंत्राविनाहि आतां पूर्वीपेक्षां किंचित् बरें चालतां येतें खरें, परंतु पाऊल बरें झालें असें कोणीं म्हणूं नये.

पण गेल्या भाद्रपदांतली एक सकाळ सांगण्यासारखी आहे. आम्ही दोघे होळकर पुलावरून चाललों होतों. मी सवयीनें त्यांच्या डाव्या पायाकडे पाहत होतों. एकाएकीं ते, न थांबतां, पाऊल न चुकवितां, सहज म्हणाले, "गंगेला पाणी चढलें आहे रे." मीं मान वर केली. खालीं गोदावरी गढूळ होऊन फुगली होती, आणि दादा कठड्यापलीकडे पाहत चालत होते. पुलाच्या टोकाशीं समोरून येणाऱ्या एका पोक्त गृहस्थाला त्यांनीं शाळेंतल्या नांवानें हांक मारली. तो माणूस दचकून थांबला, आणि मग भररस्त्यांत वांकून त्यानें त्यांच्या पायांना हात लावला. त्या स्पर्शांत डावा कोणता आणि उजवा कोणता, हा भेद त्याला कळण्याचें कारण नव्हतें.

पायाची आठवण आपण ठेवीत नाहीं, हा आपला कृतघ्नपणा आहे अशी मीं सुरुवातीला तक्रार केली. दादांचें चालणें पाहिल्यापासून मला असें वाटूं लागलें आहे कीं, पाय आपल्याला एवढीच एक गोष्ट मनापासून देऊं इच्छितो: त्याची आठवण न ठेवण्याची मोकळीक. ती असली म्हणजे डोळे नदीकडे जातात, माणसांकडे जातात. ज्याची ती हरपली त्याला ती थोडी जरी परत मिळाली, मग ती विजेनें मिळो, शस्त्रानें मिळो कीं रबरी पट्ट्यानें मिळो, तरी तिची किंमत वेगाच्या मापानें काढतां येणार नाहीं. आणि पेठच्या त्या गृहस्थांना लिहून दिलेलें पत्र पुढें कोणत्या टेबलावर पोंचलें, निफाडच्या त्या बाईला बसण्यास निदान एखादें पिढें तरी मिळालें कीं नाहीं, याची चौकशीहि ज्यांचीं पावलें नीट पडतात त्यांनींच करावयाची आहे.